भूमीआजोबांचा सिनेमा

गेल्या वर्षी भूमीआजोबांच्या वाढदिवसाला आमच्या थिएटरचा पडदा पांढराफटक पडला, आणि त्या हंगामात खाडीतली कालवं काही पोसली नाहीत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं मला वाटतं. पण गावात असं वाटणारी मी एकटीच, आणि मीही ते मोठ्याने म्हणत नाही. पांढरा रंग मयताचा. तो वाढदिवसाला देवाच्या तोंडासमोर, सबंध पडदाभर! 

आमचं गाव तायनान शहराच्या उत्तरेला, जुन्या मिठागरांच्या कडेला. रस्त्याच्या त्या अंगाला देऊळ, या अंगाला थिएटर. भूमीआजोबा म्हणजे इथल्या मातीचे राखणदार. पांढरी दाढी, फुगीर गाल, गोडाची आवड. दुसऱ्या चांद्र महिन्याच्या द्वितीयेला त्यांचा वाढदिवस. इतर गावं देवळासमोर मैदानात पडदा ताणतात आणि देवाला सिनेमा दाखवतात. माणसं आली तर आली. आमच्याकडे समुद्रावरचा वारा पडदा जागेवर ठेवत नाही, म्हणून आम्ही आजोबांनाच, म्हणजे त्यांच्या मूर्तीलाच, उचलून थिएटरात आणतो. मधल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. वर्षभर तिथे कुणी बसत नाही. एखादं परगावचं जोडपं चुकून बसलंच, तर आमच्या दारात शेंगा नि भाजलेला माकूळ विकणारी लाममावशी मागून येऊन खांद्यावर टिचकी मारते. "उठा. म्हातारा तापट आहे."

भूमीआजोबा तापट नाहीत. लाममावशी आहे.

वर यंत्रखोलीत तीन यंत्रं. दोन जुनी, फिल्मची, बैलजोडीसारखी शेजारी शेजारी उभी. तिसरं डिजिटल, पांढरं, चौकोनी. माझा नवरा छिंग-खे त्याला फ्रीज म्हणतो. शनिवार-रविवारचे खेळ फ्रीजवर होतात आणि ते मी चालवते. पुस्तिका वाचून, कंपनीच्या माणसाला फोन करकरून शिकले. शिकण्यासारखं फार नाही त्यात. सिनेमा येतो तो जेवणाच्या डब्याएवढ्या डब्यातून. त्याची किल्ली म्हणजे नुसते आकडे, तेही ठरल्या तारखांपुरते. तारीख उलटली की डबा मुका. बटण दाबायचं आणि खाली येऊन तिकिटं फाडायची. छिंग-खेने त्या यंत्राला आजवर बोट लावलेलं नाही. पुसायलासुद्धा नाही.

त्याचा दिवस वर्षातून एक, वाढदिवसाचा. सुरुवातीला लावायचं आठ सिद्धांचं छोटं रीळ सोडलं, तर थिएटरच्या मालकीची एकच फिल्म उरली आहे. खेड्यातली मुलगी राजधानीत, तायपेला कामाला जाते, मागे आई झुरते, शेवटी स्टेशनावर भेट होते. आजोबा दरवर्षी तीच बघतात. तक्रार नाही. रिळांना आता व्हिनेगरसारखा वास येतो. फिल्म म्हातारी झाली की अशीच आंबते. रिळं सात. एक संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तेव्हा दुसरं यंत्र सुरू करायचं. मग दुसरा ठिपका येतो, आणि त्याच क्षणी या यंत्राचा उजेड झाकून त्या यंत्राचा उघडायचा. खाली बसलेल्याला काही कळत नाही; आई उंबरठ्यातून पाय उचलते ती एका रिळात आणि टेकवते ती दुसऱ्या रिळात. सगळी मदार त्या ठिपक्यांवर. ते दिसावे लागतात.

छिंग-खेला ते दिसत नाहीत.

मला हे पडदा पांढरा पडायच्या आधीपासून माहीत होतं. साखरेच्या दुखण्याने त्याच्या डोळ्यांच्या आत धागे सोडलेत. डॉक्टर डोळ्यात सुई टोचतात आणि तो घरी येऊन "नंबर थोडा वाढलाय" म्हणतो. जेवताना सोया सॉसची बाटली हुंगून मगच ओततो. फिल्म यंत्रात ओवतो ती बोटांनी, ते त्याला झोपेतही जमेल. आणि रीळ बदलतो कानांनी. आई तिसऱ्यांदा खोकली की दुसरं यंत्र सुरू. बसचं दार आपटलं की उजेडाची अदलाबदल. मी तिकीटखिडकीत बसून भिंतीतून हाच सिनेमा इतकी वर्षं ऐकत आलेय, त्यामुळे त्याची युक्ती माझ्या ध्यानात आली. फक्त पाचव्या रिळाच्या शेवटी कुणी बोलत नाही, खोकत नाही. आई दारात बसलेली असते आणि वारा वाहत असतो. तिथे घात झाला: रीळ संपलं आणि यंत्राचा नुसता उजेड पडद्यावर पडला.

"ठिपका खरवडून गेलाय," तो तेव्हा म्हणाला.

"असेल," मी म्हणाले.

यंदाचा उत्सवाचा यजमान ह्वे-ओंग. त्याची खाडीत कालवांची शेती. यजमानपण कौलाने ठरतं, त्यामुळे नको म्हणायची सोय नसते. वाढदिवस आठवड्यावर आला तेव्हा तो पेरूंची पिशवी घेऊन आमच्याकडे आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला.

"दादा, रागावू नका."

"पेरू आणलेस म्हणजे रागावण्यासारखंच काहीतरी असणार," छिंग-खे म्हणाला. "बोल."

ह्वे-ओंगने सांगितलं. राजधानीत जुने सिनेमे जतन करणारे लोक आहेत. त्यांनी आपलाच सिनेमा कुठल्याशा दुसऱ्या प्रतीवरून धुऊनपुसून डिजिटल केलाय. देवासाठी मागितला तर देतात. त्याने विचारून ठेवलंय; हो म्हटलं की डबा एका दिवसात येतो.

"एक ओरखडा नाही, दादा. काचेसारखा स्वच्छ."

"काच बघायला देव कशाला थिएटरात येईल? देव्हाऱ्याला काच आहे."

"तसं नव्हे हो. गेल्या वर्षीसारखं..." ह्वे-ओंग थांबला आणि पेरूंकडे बघू लागला. "लोक बोलतात, दादा. माझ्या दोऱ्यांवर कालवं नखाएवढी राहिली. मी नाही बोलत. पण माझी बायको बोलते."

मी चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही.

"हे बघ," छिंग-खे म्हणाला, अगदी शांतपणे. तो चिडला की शांत होतो. "फिल्मवर एक चित्र जातं, दुसरं येतं. मधल्या मध्ये एक पातं फिरतं नि पडद्यावर अंधार होतो. दर चित्रामागे. सिनेमा बघताना तू निम्मा वेळ अंधारात बसलेला असतोस. कळतं का तुला?"

"नाही बुवा."

"आजोबांना कळतं. तेवढ्यात ते पापणी मिटून घेतात. या फ्रीजमध्ये मधला अंधारच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सबंध संध्याकाळ टॉर्च धरायचा का?"

"पण शनिवारी लोक बघतातच की फ्रीजवर."

"लोकांचं काय, लोकांना काहीही चालतं."

ह्वे-ओंग माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा."

काय सांगणार? फिल्म म्हणाले असते तर पाचव्या रिळाशी तोच प्रकार, आणि या खेपेला गाव त्याला सगळ्यांदेखत यंत्रखोलीतून खाली उतरवणार. डिजिटल म्हणाले असते तर मीच उतरवल्यासारखं. वर्षातला एक दिवस तो तेल लावलेले केस विंचरून, बाह्या दुमडून जिना चढतो. तो दिवस त्याच्याकडून कुणी काढून घ्यायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो काढून घेणारी मला व्हायचं नव्हतं.

"सिनेमा देवाचा," मी म्हणाले. "देवालाच विचारा. कौल लावा."

दोघांनाही ते पटलं. चहा मात्र गार झाला होता.

कौल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ठरला. त्या सकाळी मी लवकर उठून, केस न विंचरताच, देवळात गेले. शेंगदाण्याची चिक्की नेली होती. कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे, एक अंग सपाट, एक फुगीर. एक सपाट नि एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर देव हसतोय.

"आजोबा," मी म्हणाले, "दुपारी ते विचारायला येतील तेव्हा तुम्ही फिल्मला नाही म्हणा. पण असं म्हणा की त्याला लागणार नाही. जमेल?"

टाकले. दोन्ही सपाट.

"हसू नका. मी जीव तोडून सांगतेय."

पुन्हा दोन्ही सपाट.

मी चिक्कीतला एक तुकडा परत उचलला आणि घरी जाताना खाल्ला.

दुपारी देवळात बरीच माणसं जमली. ह्वे-ओंगने स्वच्छ सदरा घातला होता. गुडघे टेकून, तुकडे कपाळाशी धरून त्याने खणखणीत आवाजात विचारलं, "भूमीआजोबा, यंदा तुम्हाला फिल्म पाहिजे की डिजिटल?"

दोन्ही सपाट. देव हसला.

पुन्हा तेच. पुन्हा हसला.

"अरे गाढवा," लाममावशी मागून ओरडली, "ज्याला हो नाहीतर नाही एवढंच म्हणता येतं त्याला 'भात वाढू की शेवया' विचारतोस? हसतील नाहीतर काय करतील!"

ह्वे-ओंगचे कान लाल झाले. "डिजिटल चालेल का?" एकदा हो आला, मग हसू. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन हो लागतात. "बरं, फिल्म चालेल का?" एकदा हो, मग नाही. लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणालं, आजोबांना यंदा सिनेमाच नकोय. कुणी म्हणालं, बाहुल्यांचा खेळ आणा.

"इकडे दे," छिंग-खे म्हणाला.

तो खाली बसला. आधी एक हात जमिनीला, मग गुडघा. तुकडे दोन्ही तळव्यांत झाकून कपाळाशी नेले आणि ओठ हलवायला लागला. देवाला मनातल्या मनात विचारलं तरी चालतं. कुणी ऐकलं पाहिजे असा नियम नाही. पण तो फार वेळ बोलला. एवढं तो माझ्याशी महिन्याभरात बोलत नाही. लाममावशी वाकून कान पुढे करत होती, पण काही उपयोग झाला नाही.

पहिल्यांदा हो. दुसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदा एक तुकडा सपाट पडला आणि दुसरा उडी मारून नैवेद्याच्या टेबलाखाली गेला. छिंग-खे हलला नाही. त्याला तिथलं दिसणं शक्यच नव्हतं. लाममावशीच ओणवी झाली, टेबलाच्या लाल कापडाखाली डोकं घातलं आणि आतूनच म्हणाली, "फुगीर! हो आहे, हो!"

तो उठला, गुडघे झटकले.

"सिनेमा नव्या यंत्रावर," तो म्हणाला. "सुरुवातीचं आठ सिद्धांचं रीळ तेवढं जुन्यावर."

 ह्वे-ओंग तर जिंकूनही घाबरला. "दादा, नक्की? हवं तर परत विचारा. घाई नाही."

"तीन हो आले. परत विचारलं तर आजोबा म्हणतील हा बहिरा आहे का."

  घरी आल्यावर रात्री छिंग-खेने एक पेरू चिरला आणि मला मोठी फोड दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्वे-ओंगने लाल कापडात गुंडाळून आजोबांना कडेवर आणलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. समोर स्टुलावर संत्री, चिक्की, तांदळाचे गोड गोळे. उदबत्ती बाहेर. फिल्म असलेल्या घरात विस्तव नको, हा छिंग-खेचा नियम सगळ्यांना पाठ आहे. थिएटर निम्मं भरलं होतं, म्हणजे आमच्या हिशेबी तुडुंब.

वर छिंग-खेने केसांना तेल लावलं होतं, बाह्या दुमडल्या होत्या. आठ सिद्धांचं रीळ अगदी छोटं. मुख्य सिनेमाआधी आठ सिद्ध ढगांवरून येतात, देवाला दीर्घायुष्य चिंततात आणि जातात. एकच रीळ, त्यामुळे ठिपका नाही, बदलाबदल नाही. त्याने फिल्म दात्यांवर बसवली, वर थोडी सैल ठेवली, बोटाने तो सैलपणा चाचपला, झाकण लावलं. पडदा दिसतो त्या झरोक्याकडे बघितलंही नाही. मग यंत्र सुरू झालं आणि खोलीभर तो कुटकुट आवाज भरला, शिवणयंत्र आणि पाऊस यांच्या मधला.

मी दुसऱ्या झरोक्याला डोळा लावला. सिद्धांचे लाल झगे उडून गुलाबी झाले होते. चित्र किंचित हलत होतं, झोपलेल्या माणसाची छाती हलते तसं. शेवटची झांज वाजली आणि छिंग-खेने भिंगापुढे हात धरला. फिल्मच्या कोऱ्या शेपटाचा पांढरा उजेड त्याच्या तळव्यावर पडला. पडदा काळाच राहिला. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी बटण दाबलं.

तो माझ्याकडे वळला. "झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग दर शनिवारी तू इथे करतेस काय?"

"तुझ्या यंत्रांवरची धूळ पुसते, म्हाताऱ्या."

त्याने बाह्या खाली सोडल्या आणि गुंड्या लावायला घेतल्या. एक गुंडी लागेना. मी लावून दिली.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"सोया सॉस हुंगायला लागलास तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तूही कुठे बोललास? देवाला मात्र सबंध पोथी ऐकवलीस. काय विचारलंस एवढं?"

"पोथी कसली." तो बंद यंत्राच्या अंगावर तळवा टेकून उभा होता. ते अजून ऊन होतं. "म्हटलं, आजोबा, मला ठिपके दिसत नाहीत. पुन्हा पांढरं झालं तर तुमचा वाढदिवस नासेल आणि हिला गावात मान खाली घालावी लागेल. फ्रीज लावतो, पण मग मी वर बसून काय करू? तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. बसू का?"

मी नाक पुसलं. व्हिनेगरच्या वासाने नाक वाहतं.

"चल मग," मी म्हणाले. "देवाने तीनदा बोलावलंय."

"आणि हे? याच्यापाशी कुणी नको?"

"नको. हाच तर त्याचा एक गुण आहे."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरला. दारात लाममावशी म्हणाली, "तिकीट?" आणि त्याच्या हातात शेंगांची पुडी कोंबली. आजोबांच्या डाव्या हाताला तो बसला, त्याच्या डाव्या हाताला मी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं सिनेमाच्याच घरात राहतो, पण तो वर आणि मी तिकीटखिडकीत. शेजारी शेजारी बसून सिनेमा बघतोय हे मला पहिल्याने विचित्रच वाटलं. परक्या बाईसारखी मी पाय जुळवून बसले.

सिनेमा खरंच काचेसारखा होता. हलत नव्हता, फडफडत नव्हता. आईच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. पाचव्या रिळाची जागा आली, आई दारात बसली, वारा आला. छिंग-खेची बोटं मांडीवर जराशी उचलली गेली. काही झालं नाही. वारा वाहत राहिला आणि मुलीचं पत्र आलं. त्याने श्वास सोडला. मीही सोडला. माझ्या मागे ह्वे-ओंगनेही सोडला, तो मोठ्याने ऐकू आला.

मग शेवटचं स्टेशन. आई धापा टाकत फलाटावर येते, मुलगी गाडीतून उतरते. आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"पाऊस कुठे गेला?" लाममावशी म्हणाली.

फलाटावर लख्ख ऊन होतं. सावल्या अगदी ठसठशीत. आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे की ती भेट भर पावसात होते. लाममावशी तर दरवर्षी त्या आईला शिव्या घालते, छत्री न आणता पोरीला घ्यायला आली म्हणून.

"ह्वे-ओंग! तुझ्या त्या राजधानीवाल्यांनी पाऊस धुऊन टाकला!"

"मी कुठे... मावशी, मला काय माहीत!"

"ते ओरखडे होते," मी मागे वळून हळूच म्हणाले. "जुन्या रिळावरचे. पाऊस नव्हताच."



"म्हणजे छत्रीची तिची चूक नव्हती," लाममावशी म्हणाली. मग, जरा खालच्या आवाजात, "एवढी वर्षं उगाच बोलले बिचारीला."

पडद्यावर आई नि मुलगी एकमेकींना धरून उभ्या होत्या. ऊन त्यांच्या केसांत होतं. मी छिंग-खेकडे झुकले. "ऐकलंस ना? पाऊस नव्हताच रे कधी."

"नव्हता कसा?" तो म्हणाला. "पडतोय की."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत होता, डोळे उघडे, चेहरा निवांत. त्याच्या डोळ्यांतले धागे मला कसे दिसणार. पण त्याला ते दिसत होते, उभे, हलके, त्या दोघींच्या अंगावरून सरकत जाणारे.

"जोराचा आहे?" मी विचारलं.

"नाही. रिमझिम."

त्याने हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला होता, पाऊस अजमावायला ठेवतात तसा, तळवा वर करून. पुडीत दोन शेंगदाणे उरले होते. ते मी त्याच्या तळव्यात ठेवले.